मदत हवी आहे: टॉवेल कारखान्यासाठी आगीच्या जोखमीचा अहवाल

टॉवेलवाला: नमस्कार. आमचा सोलापुरात टॉवेलचा लहान कारखाना आहे. आगीच्या जोखमीचा लेखी अहवाल सोमवारपर्यंत दिला नाही, तर पुढचा माल उचलणार नाही, असे निर्यातदाराने कळवले आहे. एक सल्लागार कारखान्यात न येता, केवळ फोटोंवरून अहवाल द्यायला तयार आहेत. तो चालेल का? कृपया लवकर सांगावे.

जुना जॉबर: कारखाना एमआयडीसीत आहे की शहरात? जागा स्वतःची की भाड्याची? कामगार किती? एवढे कळल्याशिवाय काय सांगणार?

टॉवेलवाला: 70 फूट रस्त्याजवळ, भाड्याची जागा, 14 कामगार. आग विझवण्याचे दोन सिलिंडर आहेत, त्यांची पावतीही आहे.

नियमवाचक: पावती म्हणजे जोखमीचा अहवाल नव्हे. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावरही टाकली आहे, त्यामुळे भाडेकरू म्हणून आपली सुटका होत नाही. बसवलेली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यायचे असते. शेवटचे कधी दिले होते?

लेस्टरचा मामा: माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला दुकान चालवतो. इंग्लंड-वेल्समध्ये पूर्वी पाच किंवा अधिक माणसे कामाला असतील तरच आगीच्या जोखमीचे मूल्यांकन लिहून ठेवावे लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून एक नोकर असला तरी लेखी लागते.

नियमवाचक: भाच्याचे कौतुक आहे, पण कारखाना सोलापुरात आहे.

जुना जॉबर: कागद राहू द्या, आधी मागांखाली पाहा. तेलकट झालेला कापसाचा भुरा मोटारीवर साचतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. शिवाय पावडरच्या सिलिंडरने सुताच्या गाठीची वरची ज्वाला विझते, आत मात्र धुमसतच राहते. पाण्याची पिंपे भरून ठेवा.

नियमवाचक: आणि कोणीतरी तेच पाणी विजेच्या पॅनेलवर ओतेल! तिथे कार्बन डायऑक्साइडचाच सिलिंडर हवा.

जुना जॉबर: पॅनेलवर ओता असे मी म्हटलेले नाही, गाठींसाठी पाणीच लागते. टॉवेलवाले, रात्री कारखान्यात कोणी झोपते का? 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण गेले. त्यांत आवारातच राहणारे मालक आणि त्यांचे कुटुंबीयही होते, म्हणून विचारतो.

टॉवेलवाला: चौघे पोटमाळ्यावर झोपतात. सूत चोरीला जात असल्यामुळे शटरला बाहेरून कुलूप असते आणि किल्ली माझ्या घरी असते. हेही अहवालात लिहावे लागेल का?

जुना जॉबर: बाहेरून कुलूप लावणे आज रात्रीपासून थांबवा, अहवालाचे सोमवारी पाहू. मागे दुसरे दार आहे ना?

टॉवेलवाला: आहे, पण त्याच्यापुढे सुताची पोती रचलेली आहेत.