केसरीतलं 'सरकार' म्हणजे नेमकं कोण?

खिळेजुळारी:
कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं की १८८१ ते १९०८ च्या केसरीत 'सरकार' पानोपानी आदराने येतं, तेव्हा टिळकांचा जहालपणा मागाहून रचलेला. पुरावा म्हणून शब्दमोजणी. ती मोजणी बाद आहे. गायकवाड सरकार म्हणजे माणूस, सरकारजमा म्हणजे खजिना, आणि मुंबई सरकार म्हणजे गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल. संगणकावर शब्द शोधला की तिन्ही एका पोत्यात पडतात, वर 'सरकारी नोकर'ही. आदर शब्दात नसतो, वचनात असतो. 'सरकारास' एकवचन, 'सरकारांस' आदरार्थी. फरक फक्त एका टिंबाचा. झिजलेल्या खिळ्याचं (छपाईच्या अक्षरठशाचं) टिंब कागदावर उमटत नाही आणि स्कॅनवरचा डाग टिंब म्हणून वाचला जातो. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या लेखनात 'सरकारांत' हे साधं एकवचनी सप्तमीचं रूप, तेही आदरात मोजलं गेलं.

शनिवारपेठी:
टिंबं मोजत बसा. अर्ज-विनंत्यांची भाषा तेव्हा सगळ्यांचीच होती, केसरी अपवाद नव्हता. मुद्दा खोडायचा तर मजकूर दाखवा.

खिळेजुळारी:
६ जुलै १८९७ चा मथळा: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' 'सरकारांचे' नाही. यात आदर कुठे आहे?

शनिवारपेठी:
एका मथळ्यावर २७ वर्षं तोलायची? प्लेगच्या झडत्या आणि रँडवरचा हल्ला यांच्यानंतरचा तो मथळा. त्या वर्षीचा राग १८८५ ला लावू नका.

दफ्तरदार:
दोघंही मूळ अंकांवर भांडताय, हे बरं. बहुतेकांचे दाखले ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या, म्हणजे सरकारी भाषांतरकाराच्या, कचेरीतल्या साप्ताहिक इंग्रजी गोषवाऱ्यातले असतात, आणि गोषवाऱ्यात मूळ शब्दच उरत नाही. लेखात 'सरकार' होतं, 'राज्यकर्ते' की 'अधिकारीवर्ग', हे इंग्रजीवरून कळायला मार्ग नाही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली ती उगाच नाही. नऊ ज्यूरर, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. मराठी लेखाचा न्याय इंग्रजी प्रतीवर झाला. तेव्हाच्या राजद्रोहाच्या कलमात, १२४अ मध्ये, गुन्हा 'कायद्याने स्थापित सरकार'विषयी अप्रीतीचा. सरकारच्या एखाद्या उपायावर नापसंती दाखवायला मोकळीक. म्हणजे 'सरकार' लिहिलं की 'अधिकारी', यावर माणूस आत जाणार की बाहेर राहणार हे ठरायचं.

कलमकसाई:
साफ चूक. तेव्हाच्या दंडविधानाचं कलम १७ उघडा. 'गव्हर्नमेंट' म्हणजे कार्यकारी कारभार चालवण्याचा कायदेशीर अधिकार असलेली एक व्यक्ती किंवा अनेक व्यक्ती. शब्द बदलून सुटका नव्हती.

दफ्तरदार:
मग टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोह खटल्यातला न्यायाधीश स्ट्रेची वाचा. त्याने ज्यूरीला सांगितलं की हे सरकार म्हणजे ब्रिटिश राज्य, चालू राज्यव्यवस्था. अमुक अधिकाऱ्यांचा संच नव्हे. फोड न्यायाधीशानेच केलेली आहे.

कलमकसाई:
अर्धंच सांगताय. 'आणि त्या नात्याने त्याचे प्रतिनिधी' हेही त्याच वाक्यात आहे. वर अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावून त्यानेच १८ महिने दिले.

दफ्तरदार:
१९१६ चं काय? बेळगाव आणि नगरच्या भाषणांत टिळकांनी उघड फोड केली: सरकार अदृश्य, नोकरशाही दृश्य, देव वेगळा, पुजारी वेगळा. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने २० हजारांचा मुचलका आणि १० हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात जीनांनी बाजू मांडली आणि हुकूम रद्द झाला.

कलमकसाई:
रद्द झाला, पण त्या फोडीमुळे नाही! न्या. बॅचलर यांनी म्हटलं की सगळ्या सिव्हिल सर्व्हिसवर टीका केली तर ती सरकारला लागते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. भाषणं सबंध वाचून त्यांनी टिळकांना सोडलं. लोकांनी वर्षानुवर्षं हा निकाल चुकीच्या कारणासाठी गाजवलाय, त्याचा मला संताप येतो.

दफ्तरदार:
ते कबूल. कारण मी चुकीचं दिलं. भाषांतराचा मुद्दा मात्र सोडत नाही.

शनिवारपेठी:
मोजणी बाद, एवढं मानतो, नाइलाजाने. पण १८९७ आधी आदर नव्हता हे अजून कोणी दाखवलेलं नाही. १८८१ ते १८९६ चे अग्रलेख काढा, प्रत्येक 'सरकार'पुढे क्रियापद एकवचनी की अनेकवचनी ते लिहा आणि गायकवाड, होळकर आधीच वगळा.

खिळेजुळारी:
आगरकर संपादक होते तो १८८७ पर्यंतचा भाग वेगळा ठेवा, नाहीतर त्यांची भाषा टिळकांच्या खात्यावर पडेल.