सीडी१३८ पॉझिटिव्ह आलंय, वर एनके सेल्सची टेस्ट सांगितलीय. आधी काय करावं?

अबोली_नाशिक:

नमस्कार मैत्रिणींनो,

वय ३४. ट्यूब्ज मोकळ्या, थायरॉइड नॉर्मल, यांचेही रिपोर्ट चांगले. आयव्हीएफ केलं. ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे गर्भ) उत्तम प्रतीचे, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी व्यवस्थित, तरी ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, एकापेक्षा जास्त वेळा फसली. आता फ्रीझ केलेला एकच गर्भ शिल्लक आहे. तो गर्भाशयात सोडायच्या आधी जे तपासायचं ते तपासून घ्यायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

हिस्टेरोस्कोपीत (गर्भाशयात दुर्बीण घालून बघतात ती) डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. अस्तर लालभडक, मधेमधे पांढुरके ठिपके, आणि पाण्यात हलणारे अगदी बारीक कोंब, ज्यांना ते मायक्रोपॉलिप म्हणाले. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: स्ट्रोमामध्ये (अस्तरातल्या ग्रंथींच्या मधल्या भागात) सीडी१३८ (प्लाझ्मा पेशी ओळखायची खूण) पॉझिटिव्ह प्लाझ्मा पेशी, म्हणजे क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, अस्तराची जुनाट सूज. मला ना ताप, ना ओटीपोटात दुखणं, ना अंगावरून पांढरं जाणं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणींना काहीच त्रास होत नाही. डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १४ दिवस, आणि मग पुन्हा बायोप्सी.

इथवर कळलं. गोंधळ पुढे आहे. दुसरं मत घ्यायला गेलो तिथे सांगितलं, 'तुमची इम्युनिटीच गर्भाला मारतेय. रक्तातल्या एनके सेल्स (नॅचरल किलर, रोगप्रतिकारक पेशी) तपासा, जास्त निघाल्या तर इंट्रालिपिडचं (तेलाच्या दुधाळ मिश्रणाचं) सलाइन आणि स्टिरॉइड.' लगेच पॅकेजचा कागदही हातात ठेवला. रक्कम बघून यांनी तो कागद न बोलता घडी करून खिशात घातला.

प्लाझ्मा पेशी आणि एनके पेशी ही एकच भानगड आहे का? गोळ्यांनी सूज गेली तर एनकेचा प्रश्न उरतो का? आणि पुन्हा बायोप्सी खरंच लागते का? ती किती दुखते ते ज्यांनी केली त्यांना माहीत. सासूबाईंचं निदान तयार आहे, अंगात उष्णता. सब्जा सुरू केलाय, त्यानं बिघडत तर काही नाही.

स्लाइडवाली:

पॅथॉलॉजीत आहे, गायनॅक नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

दोन्ही भानगडी वेगळ्या. प्लाझ्मा पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी. अस्तराच्या स्ट्रोमात त्या सहसा नसतात. दिसल्या तर तिथे बरेच दिवस काहीतरी धुमसतंय असं समजायचं, बहुतेकदा जिवाणू: ई. कोलाय, एन्टरोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, कधी मायकोप्लाझ्मा. म्हणून अँटिबायोटिक. साध्या रंगाच्या स्लाइडवर त्या आसपासच्या पेशींत हरवतात, म्हणून सीडी१३८चा खास रंग. पण तो ग्रंथींच्या पेशींनाही लागतो. घाईत बघणारा त्याच मोजून बसतो. शिवाय किती पेशी दिसल्या की आजार म्हणायचं यावर एकमत नाही. कुठे एक दिसली तरी पॉझिटिव्ह, कुठे पाच लागतात. तेव्हा रिपोर्टवर आकडा आहे का, आणि तुकडा पाळीच्या कितव्या दिवशी घेतला, ते बघा. पाळी जवळ आली की अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी एरवीही होते.

एनकेचं वेगळं. गर्भाशयातल्या एनके पेशी ओव्ह्युलेशननंतर वाढतात, आणि ते व्हायलाच हवं. गर्भ रुजल्यावर आईच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करून वारेला रक्त पोचवण्यात त्यांचा हात असतो. रक्तातल्या एनके पेशी बहुतांशी दुसऱ्या जातीच्या, त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्तावरून अस्तरात काय चाललंय ते कळत नाही. युरोपातल्या एश्रे या संस्थेनं २०२३ मध्ये आयव्हीएफमधल्या जास्तीच्या उपचारांवर शिफारशी काढल्या. एनके टेस्ट आणि इंट्रालिपिड, दोन्हींना नाही म्हटलंय. त्याच वर्षी गर्भ वारंवार न रुजण्यावरच्या शिफारशींत क्रॉनिक एंडोमेट्रायटिसची तपासणी मात्र 'विचार करता येईल' या गटात आहे. म्हणजे तिथेही छातीठोक कोणी बोलत नाही, पण दोन्हींत फरक आहे.

कैरीचं_पन्हं:

गोळी भरपूर पाण्याबरोबर घे आणि घेतल्यावर लगेच आडवी होऊ नकोस. मी रात्री घोटभर पाण्यावर गिळून झोपले, अन्ननलिका अशी भाजली की थुंकी गिळवेना. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांच्यात अंतर ठेव. उन्हात जाताना ओढणी घे.

मधुमालती:

अबोली, टीबी बघितला का? आपल्याकडे ही शंका आधी काढावी लागते. त्याच अस्तरात टीबी दडून बसतो, त्यालाही लक्षणं असतीलच असं नाही, आणि डॉक्सीनं तो जात नाही. माझ्या नणंदेचा तुकडा फक्त फॉर्मेलिनमध्ये गेला होता. फॉर्मेलिननं जंतू मरतात, मग कल्चर कसलं करणार? पुन्हा बायोप्सी करणारच असाल तर आधीच सांगून ठेवा: एक बाटली फॉर्मेलिनची, दुसरी साध्या सलाइनची, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी). पण नुसत्या पीसीआर किंवा माँटूवर (टीबीची त्वचेवरची टेस्ट) कोणी एकेटी, म्हणजे टीबीचा कोर्स, सुरू करत असेल तर थांबा. सहा महिन्यांची औषधं आहेत, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. निदान पक्कं झालं तर सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात.

अबोली_नाशिक:

रिपोर्टवर आकडा नाही, नुसतं 'प्रेझेंट' लिहिलंय. तुकडा पाळी यायच्या आदल्या आठवड्यात घेतला होता. बाटली एकच होती. हे वाचून आता पहिल्याच रिपोर्टवर शंका यायला लागलीय. @स्लाइडवाली, तीच स्लाइड दुसरीकडे दाखवता येते का?

स्लाइडवाली:

येते. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. अर्ज करून मागा, थोडी फी पडेल. ब्लॉक मिळाला तर रंग पुन्हाही करता येतो. पण हिस्टेरोस्कोपीत दिसलेली लाली आणि कोंब खोटे नव्हेत, त्यामुळे कोर्स आपल्या मनानं टाळू नका. पुन्हा बायोप्सी लागतेच. उपचारानंतर ज्यांच्या अस्तरातल्या प्लाझ्मा पेशी गेल्या, त्यांचे निकाल न गेलेल्यांपेक्षा चांगले दिसलेत. एका औषधानं भागलं नाही तर डॉक्टर दुसरं जोडऔषध देतात. सूज आहे की गेली हे न बघता शेवटचा गर्भ सोडण्यात अर्थ नाही. टीबीचं मात्र दिवसाशी जुळवून घ्या. त्याचा तुकडा पाळीच्या आधी घेतात, सीडी१३८चा रक्तस्राव थांबल्यावर घेतलेला बरा. एकाच वेळी दोन्ही उरकायचं की नाही, हे डॉक्टरांना थेट विचारा.

कैरीचं_पन्हं:

आणि अंड्याची किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी असेल तर इंट्रालिपिडवाल्यांना आधी ते सांग. त्यात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला घटक असतो. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

अबोली_नाशिक:

अ‍ॅलर्जी नाही, पण ते सलाइनही आता घेणार नाही. सोमवारी ब्लॉकसाठी अर्ज टाकते. नाशिक किंवा मुंबईत सीडी१३८ नियमित बघणारी चांगली लॅब कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.