एग फ्रीझिंग केलेल्या मैत्रिणींकडून माहिती हवी आहे

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते. मी ३५ वर्षांची, अविवाहित, ठाण्यात आईबरोबर राहते. लग्न करायचंच नाही असं नाही, पण मूल हवं म्हणून घाईघाईत कुणाशीही करायचं नाही, एवढं पक्कं आहे. आजार काही नाही. तरी स्त्रीबीजं गोठवून ठेवावीत असं मनाने घेतलंय.

एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी झाली. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून १०-१२ दिवस पोटात इंजेक्शनं, मग ट्रिगर म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३५ तासांनी भूल देऊन बीजं काढणार, इथवर समजलं.

अडलंय ते पुढे. क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंनी पॅकेज, साठवणुकीचं वर्षाचं भाडं, किती बीजं मिळतील, सगळं सांगितलं. मी विचारलं, तुमच्याकडे ठेवलेली बीजं वापरायला परत किती जणी आल्या? वितळवल्यावर किती बीजं टिकली? मूल किती जणींना झालं? तर उत्तरादाखल माजी मिस वर्ल्ड डायना हेडनचं उदाहरण मिळालं. तिला २०१६ मध्ये गोठवलेल्या बीजापासून मुलगी झाली, फार छान वाटलं होतं तेव्हा वाचून. पण मला या लॅबचं काम कसं आहे ते हवं होतं.

दुसरं म्हणजे कायदा. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या प्रजनन-उपचारांच्या) कायद्याप्रमाणे बीजं १० वर्षंच ठेवता येतात, म्हणजे माझ्या पंचेचाळिशीपर्यंत. आणि एकट्या बाईला सरोगसी करता येते ती विधवा किंवा घटस्फोटित असेल तरच. म्हणजे लग्न झालं नाही तर गर्भ मलाच वाढवावा लागणार. बीज ३५ चं राहील, पण माझं बीपी, शुगर तर वयाबरोबर पुढेच जाणार. इतकी मोठी गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नाही, याचा खरंच राग आलाय.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारायचंय: क्लिनिकने स्वतःचे आकडे लेखी दिले का? पुरेशी बीजं मिळायला एकच सायकल (इंजेक्शनांपासून बीजं काढेपर्यंतची एक फेरी) पुरली की दोन कराव्या लागल्या? पुढे गाव बदललं तर बीजं दुसरीकडे हलवता आली का? ऑफिसात रजा काय सांगून घेतलीत?

आणि एक. आईला परवा सांगितलं. रात्री काहीच बोलली नाही. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "फार दुखेल का गं?" मला सांगता येईना. पोट फुगतं, जड वाटतं असं वाचलंय, काहींना ओव्हरी जास्तच उत्तेजित होऊन त्रास होतो हेही. पण ते वाचलेलं झालं. तुम्हाला कितपत दुखलं, उठून कामाला कधी लागलात, ते जसं झालं तसं लिहा. पुढची पाळी महिनाअखेरीस आहे, त्याआधी आईशी पुन्हा बोलायचंय.