१९७१ची एमजीबी: आधी फाइव्ह-स्पीड गिअरबॉक्स की आधी सिल?

मिलिंद_कॉव्हेन्ट्री

नमस्कार मंडळी. नुकतीच १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ती बिनछपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. गडद हिरवी, वायर व्हील्स, दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर. लहानपणापासून हीच गाडी डोक्यात होती, त्यामुळे आनंद शब्दांत मावत नाही.

तक्रारी तीन. ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो. गरम गाडी पेट्रोल पंपावर बंद केली की बराच वेळ पुन्हा सुरू होत नाही. आणि मोटरवेवर ७० मैलांना इंजिन इतकं ओरडतं की शेजारच्याशी बोलता येत नाही. फाइव्ह-स्पीड गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा एकदमच करून घ्यावं म्हणतो. दाराखाली सिलच्या (बॉडीच्या कडेने जाणाऱ्या लांब पोकळ पत्र्याच्या) मागच्या टोकाला रंगाला थोडे फोड आलेत, ते पुढच्या वर्षी बघेन. क्रम बरोबर आहे का?

वैशाली_लेस्टर

मिलिंद, अभिनंदन. पण क्रम उलटा करा. माझ्याकडे एमजीबी जीटी, म्हणजे हिचीच छपराची बहीण आहे, तिची सगळी कामं मी स्वतः करते, म्हणून ठामपणे सांगते.

या गाडीला वेगळी चासी नाही. १९६२मध्ये अ‍ॅबिंग्डनहून पहिली एमजीबी निघाली तेव्हापासून तिची बॉडी हीच तिची चासी आहे. रोडस्टरला तर डोक्यावर छप्परही नाही, म्हणजे पुढची नि मागची गाडी जोडून धरण्याचं बरंचसं काम त्या दोन सिल करतात. बाहेर दिसतो तो फक्त वरचा पत्रा. आत मेम्ब्रेन नावाचा मधला पत्रा आहे, त्याच्या आत इनर सिल म्हणजे आतला पत्रा, खाली कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी. गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसले म्हणजे आतला पत्रा बहुधा आधीच सडलेला असतो.

एक साधी तपासणी करा. आधी खालून जॅक पॉइंटजवळचा पत्रा बोटाने दाबून बघा. तो दबला तर तिथे जॅक लावूच नका. घट्ट असेल तर जॅक लावून एका बाजूची चाकं उचला आणि दार उघडा-मिटा. दार अडकायला लागलं, किंवा मागच्या कडेची फट बदलली, तर बॉडी वाकते आहे. वेल्डरकडे नेलीत तर दारं बसवलेली असू द्या, गाडीचं वजन अ‍ॅक्सलवर असू द्या, आणि एका वेळी एकच बाजू कापायला सांगा. नाहीतर नव्या सिल बसतात पण दारं कायमची बिनसतात. आणि जुन्या सिलवर नुसतं नवं कव्हर ठोकून देणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. पत्रे मिळतात, चांगले मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून मूळ साच्यांवर अख्ख्या नव्या बॉड्यासुद्धा काढल्या.

तुमची गाडी ४० वर्षांपुढची, म्हणून एमओटी, म्हणजे इथली वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. तरी दरवर्षी करून घ्या. लिफ्टवर चढलेल्या गाडीखाली तिऱ्हाईत नजरेने कुणीतरी पाहिलेलं फार मोलाचं असतं.

आता गिअरबॉक्स. तुमच्या गाडीला लेकॉक ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा, त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर) आहे का, हे पाहिलंत? तेव्हा तो जादा पैसे देऊन मिळायचा. असेल तर टॉप गिअरमध्ये हजार आरपीएमला ताशी साधारण १८ मैलांऐवजी २२ मैल मिळतात, म्हणजे ७०ला इंजिन ३,९००वरून ३,२००वर येतं. मग फाइव्ह-स्पीडची गरजच काय? बंद असेल तर आधी वायर, गिअरबॉक्सवरचा स्विच आणि तेलाची पातळी बघा. त्यात ईपी (जास्त दाबासाठीचं) गिअर ऑइल घालायचं नाही, २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच.

उद्यमनगर_कोल्हापूर

आमच्या वडिलांचं गॅरेज होतं, अँबॅसेडरवरच हात बसला. तिचं १४८९ सीसी इंजिन आणि तुमचं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीजचीच. कार्बही एसयूच. म्हणून बोलायचं धाडस करतो.

गरम गाडी सुरू होत नाही म्हणजे लगेच पेट्रोलवर संशय घेऊ नका साहेब. बंद पडली त्याच जागी प्लग काढा, बॉडीला टेकवा, स्टार्टर मारा. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरतुकडी आहे? मग बहुधा इग्निशनमधला छोटा कंडेन्सर. तापला की मरतो, गार झाला की जिवंत. ठिणगी निळी, कडकडीत असेल तरच पेट्रोलकडे वळा.

आणि कार्बला शेवटी हात लावा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), मग टायमिंग, मग कार्ब. कार्बमधला पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली 'टक्क' वाजला पाहिजे. त्याच्या वरच्या डॅशपॉट या नळकांड्यात तेल बघा. दोन कार्ब जुळवायला रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बच्या तोंडाशी; दोन्हीकडे फुसफुस सारखी आली की झालं.

वैशाली_लेस्टर

दादांचं अगदी खरं. त्यात एकच भर: सप्टेंबर २०२१पासून इथलं, ब्रिटनमधलं, साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) आहे, आणि इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. इंजिनजवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आर९ दर्जाच्या घाला, टाकीत कमी इथेनॉलचं सुपर ई५ भरा. ब्रेकच्या रबरी नळ्याही त्याच दिवशी बदला.

रेडिएटरही आत्ता घेऊ नका. इंजिन ब्लॉकचा ड्रेन टॅप उघडा. काही आलंच नाही तर आत गाळ साचलाय; तो तारेने मोकळा करून उलटा फ्लश मारा. गाळ तसाच ठेवून नवा रेडिएटर लावलात तर काटा पुन्हा चढणारच.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन जरूर लावा, मीही लावलंय. मात्र जुनी पॉइंटची प्लेट जुळवून डिकीत ठेवा.

मिलिंद_कॉव्हेन्ट्री

ताई, दादा, मनापासून आभार. ओव्हरड्राइव्ह आहे! स्विच दाबला तर काहीच होत नव्हतं, गिअरबॉक्सजवळची वायर निघालेली होती. जोडली, आणि ७०ला बोलता येतं. कंडेन्सर मागवलाय. डाव्या बाजूचं दार मात्र जॅकवर घेतल्यावर अडकलं.

वैशाली_लेस्टर

मग गिअरबॉक्सचे पैसे सिलला. कार्पेट उचलून इनर सिलचा आणि खालून कॅसल रेलचा फोटो टाका, कुठपर्यंत कापावं लागेल ते सांगते.