मदत हवी आहे: कोईमतूरमध्ये नवीन आहे, ओळखी कशा करायच्या? (फाउंड्री लाइन)

नमस्कार मंडळी,

वय 41. कोल्हापुरात चौदा वर्षं फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काढली, शेवटची सहा मेथडिंग (साच्यात रस कसा भरायचा ते ठरवणं) आणि क्वालिटीत. बायको बँकेत ऑफिसर आहे, एप्रिलमध्ये तिची बदली कोईमतूरला झाली. तीन वर्षं तरी इथंच. दोन घरं करायची नाहीत असं ठरवून मी नोकरी सोडली आणि मुलीला (पाचवीत आहे) घेऊन तिघंही आलो. नोकरी शोधण्यापेक्षा स्वतंत्र काम करावं असा विचार होता. ज्या लहान फाउंड्रीत रिजेक्शन (नापास होणारा माल) जास्त आहे तिथं जायचं, साच्याची वाळू, गेटिंग (रस साच्यात जायच्या वाटा), रायझर (आकसणाऱ्या धातूला रस पुरवणारा साठा) बघायचं, दोष कमी करून द्यायचे, त्याचे पैसे घ्यायचे. हे पंपांचं गाव. गणपती, पीळमेडू, अरसूर, इथल्या कुठल्याही भागात जा, जिकडं जाल तिकडं ओतकाम. म्हटलं, कामाला काय तोटा?

पाच महिने झाले. एक रुपयाचं काम नाही.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की अर्ध्या तासात तीन फाउंड्रीवाले भेटायचे. कुणाची वाळू बिघडली, कुणाची पार्टी पैसे देईना, सगळं तिथंच कळायचं. ओळख करून द्यावी लागायची नाही, 'अमक्याचा भाचा' एवढं पुरायचं. इथं मी कुणाचाच भाचा नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो, म्हणजे तेच सल्ले परत यायला नकोत. 200 कार्डं छापली. 31 फाउंड्र्यांच्या गेटवर गेलो; त्यातल्या चार ठिकाणी आत घेतलं, बाकी ठिकाणी वॉचमनने कार्ड ठेवून घेतलं आणि 'मेल अनुप्पुंग' म्हणाला. मेल पाठवले. लिंक्डइनवर लिहिलं, तर लाइक्स आले ते सगळे कोल्हापूर-सांगलीचे! शिवाय फी भरून एका व्यवसाय-गटात गेलो. दर आठवड्याला सकाळी सातला नाश्ता, एका धंद्याचा एकच माणूस, प्रत्येकाने दुसऱ्याला काम आणून द्यायचं. तीन महिन्यांत मला दोन माणसं मिळाली. एकाला फाटकासाठी बिडाचं नक्षीकाम हवं होतं. दुसरा विमा एजंट, त्याला मीच हवा होतो.

तमिळ येत नाही. मालक लोक इंग्रजी बोलतात, पण दोन मिनिटांत आपापसात तमिळ सुरू होतं आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतो.

सुरुवात कुणापासून करायची? तो गट चालू ठेवू का? आणि इथल्या मराठी मंडळींना गाठून काही होईल का, की आपल्यातच गुरफटून राहीन? मोकळेपणाने सांगा. घरी कुणाला सांगितलेलं नाही, पण सकाळी दोघी गेल्या की घर खायला उठतं.

लोखंडी_चणे

इंटेक या यंत्रांच्या प्रदर्शनाला कोडिसियाच्या (तिथल्या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या) हॉलमध्ये एक चक्कर मारा. शंभर कार्डं मिळतील.

मूळ प्रश्नकर्ता

कार्डं माझ्याकडंच शंभर शिल्लक आहेत हो. वाटायला सांगू नका.

धागेदोरे

मी नऊ वर्षं कोईमतूरला होतो, टेक्स्टाइल मशिनरीत. तुमची चूक एकच दिसते: तुम्ही फाउंड्रीच्या मालकाकडे जाताय. 'तुमचा माल खराब निघतो, मी सुधारतो' हे परक्या माणसाकडून कोण ऐकून घेईल? आमच्याकडे रिजेक्शन आहे, हे तो गेटवर कबूल तरी करेल का?

त्याऐवजी मशीन शॉपवाल्याकडे जा, जो कास्टिंग (ओतलेला भाग) विकत घेऊन मापात कातून घेतो. कास्टिंगमधला ब्लो होल (गॅसमुळे राहिलेली पोकळी) बाहेरून दिसत नाही, दोन एमएम कातलं की उघडा पडतो. फाउंड्री फार तर कास्टिंग बदलून देते. मशीनचा वेळ, टूल, कामगाराची पाळी हे सगळं मशीनवाल्याच्या बोडक्यावर. दुखणं त्याचं आहे आणि ते तो लपवत नाही, उलट चहा पाजून सांगतो. त्याने फोन केला की फाउंड्रीवाला तुम्हाला आत घेणार, कारण मागे गिऱ्हाइकाचा दाब. पॅटर्नवाल्यांकडेही (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यांकडे) जा. कुठला पॅटर्न कितव्यांदा दुरुस्तीला आला हे त्यांना पाठ असतं, आणि त्यावरून कुणाचं काय चाललंय ते कळतं.

दुसरं म्हणजे, कुरिची सिडकोच्या आसपास बेकरीवर उभे राहा. कोईमतूरमध्ये चहाच्या दुकानाला बेकरी म्हणतात, हे पहिले दोन महिने मला कळलंच नव्हतं. पाटी बेकरीची, पण गर्दी चहाला आणि तेंगाय (खोबऱ्याच्या) बनला. तुमचा शिरोलीचा गाडा तो हाच. एकच बेकरी धरा, एकच वेळ धरा, साधारण सकाळी अकरा. पहिले आठ दिवस काहीही विकू नका.

वाळूचा_कण

इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन, म्हणजे फाउंड्रीवाल्यांच्या संस्थेचं सदस्यत्व आहे ना? कोल्हापूरसारखा कोईमतूरलाही त्यांचा चॅप्टर (शाखा) आहे. तिथं नाव नोंदवून घ्या आणि श्रोता म्हणून मागच्या रांगेत बसण्यापेक्षा कास्टिंगच्या दोषांवर तासभर बोलतो म्हणून सांगा. फोटो आणा, शक्य तर कापलेले खराब जॉब आणा. भाषण संपल्यावर जो माणूस खिशातून मोबाईल काढून 'आमच्याकडे पण असंच होतं' म्हणतो, तो तुमचा पहिला गिऱ्हाईक. गटाची फी मात्र बंद करा. फोटोग्राफर, केटरर यांना तो चालतो. तुमचा माल घेणारा माणूस त्या नाश्त्याला येतच नाही, त्या वेळी त्याची भट्टी चालू असते.

मुशीतलं_सोनं

पाव्हणं, मी आटपाडी तालुक्यातला. कोईमतूरला गलाईत हाय, 1998 पासनं. सोळा वर्साचा असताना आलो. आमच्या खानापूर-आटपाडीची, तासगाव-कवठ्याची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगल्यात, तुम्हाला ठावं असंलच. पर आमच्यात पोरगं एकटं येत न्हाई. मामाच्या न्हाईतर गावातल्या कुणाच्या दुकानात येतं, दोन वर्सं भट्टीपुढं काढतं, मग लोकं म्हणत्यात ह्यो अमक्याचा. सराफ त्याच्या हातात सोनं देतो ते त्या अमक्याच्या भरवशावर. तुम्हाला इथं तसला मामा न्हाई, ही अडचण खरी हाय.

इथली मराठी माणसं गाठली तर बहुतेक आमच्यासारखीच भेटतील. आमी बी वितळवतो, पर बीड न्हाई! जेवाय या, पोरगीला घेऊन या, कवा बी या. काम मिळंल म्हणून मात्र येऊ नका, दोन्हीकडनं हिरमोड हुईल.

तमिळचं सांगतो. इथली बोली मऊ, प्रत्येक गोष्टीला 'ंग' लावत्यात. एनुंग (अहो), सरिंग (बरं), वांग (या). सोताच्या पोराला बी 'ंग' लावून बोलणारी माणसं हायत. तुम्ही मद्रासी सिनेमातलं तमिळ बोलला तर उद्धट वाटंल. चार शब्द बोला, पर 'ंग' इसरू नका. आन दुपारच्याला कुणी भेटलं की आधी 'साप्टींगळा?' विचारा, जेवला का म्हणून. आपल्याकडं नमस्कार, तसं ते.

परीघ

मालकांशी इंग्रजी पुरते. तमिळ शिकायला वर्ष घालवू नका.

मुशीतलं_सोनं

मालकाशी पुरतं. वाळू मालक मळतो व्हय?

उंबरठा

मी कामाचं सांगू शकत नाही, घराचं सांगते. नवऱ्याच्या बदल्यांमुळे पाच गावं झाली, त्यात सेलम आणि मदुराईही. तुमच्या घरात पत्नीला ऑफिस आहे, मुलीला शाळा आहे, गावात नवखे आहात ते तुम्ही एकटेच. बहुतेक घरांत हे बाईच्या वाट्याला येतं, म्हणून त्यावर कुणी धागा काढत नाही (टोमणा तुम्हाला नाही).

नवरात्र तोंडावर आहे. तिथं घरोघर गोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या. आपल्या हळदीकुंकवासारखं बोलावणं असतं आणि सुंडल (परतलेली कडधान्यं) हातात देतात. पत्नीला आणि मुलीला बोलावणी येतीलच, तुम्हीही जा. बाहेरच्या खोलीत पुरुष मंडळी बसलेली असतात आणि कोईमतूरला त्यातल्या निदान एकाचा मेहुणा पंपाच्या धंद्यात असतो. शेजाऱ्याकडून काहीतरी मागून घ्या, शिडी, ड्रिल मशीन, काहीही. आपण मदत करत सुटतो म्हणून नाती होत नाहीत, मागितली की होतात असा माझा पाच गावांचा अनुभव.

मूळ प्रश्नकर्ता (साडेपाच आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. सांगण्यासारखं काही घडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

कुरिचीतली एक बेकरी धरली. पहिले नऊ दिवस नुसता चहा. दहाव्या दिवशी एकजण मोपेडवर पंपाच्या दोन बॉड्या बांधून आला, दोन्हीला भोकं. मी 'एन्न प्रॉब्लेमंग?' विचारलं. तो हसला, बहुतेक माझ्या उच्चाराला. त्याचं मशीन शॉप होतं. आत नेलं, खराब जॉबचा ढीग दाखवला. भोकं सगळी कोअरच्या (पोकळी राखायला साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) बाजूला, वरच्या अंगाला, आतून गुळगुळीत. म्हणजे कोअरमधला गॅस बाहेर पडायला वाट नव्हती. त्याच मोपेडवर मागे बसून फाउंड्रीत गेलो. कोअर जोडताना पेस्ट इतकी थापत होते की व्हेंटच (गॅस जायच्या वाटा) बुजत होते. आधी कुणी बघितलंच नव्हतं, कारण जोडणारा पोरगा नवीन. त्या पोराला हाताने दाखवलं, भाषेची गरज पडली नाही. पुढच्या लॉटला 40 पैकी दोन गेले, आधी नऊ जायचे.

पैसे मागितले नाहीत. मालकाने कॉफी पाजली, 'सरिंग' म्हणाला, संपलं असं वाटलं. परवा त्याच्या ओळखीने अरसूरच्या एका फाउंड्रीतून फोन आला. तो माणूस मला 'कोल्हापूर सार' म्हणतो.

गट सोडला. गोलूला तीन घरी गेलो. मेहुणा पंपवाला निघाला नाही, दातांचा डॉक्टर निघाला, पण त्यांची शिडी अजून माझ्याकडंच आहे. गलाईवाल्या दादांकडं रविवारी जेवलो, मुलगी तिथून उठायलाच तयार नव्हती.

आता पुढचा प्रश्न, आणि हा खरंच अडलेला आहे. सोमवारी अरसूरला जायचंय. पैसे कसे सांगू? दिवसाचे ठरवून घेऊ, की रिजेक्शन कमी होईल त्यावर? रिजेक्शनवर घेतले तर आकडे त्यांच्याच रजिस्टरमधले असणार. दिवसाचे सांगितले तर कोल्हापूरचा दर सांगू की इथला, आणि इथला दर कुणाला विचारू? धागेदोरे, वाळूचा कण, सोमवारच्या आत सांगा.