मित्र अर्धे पीसीवर, अर्धे प्लेस्टेशनवर. बंदी लागायच्या आधी काय घेऊ?

हर्णैचा_गोलकीपर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, सांभाळून घ्या. आमची बोट आहे. १ जूनला मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे बोट वर ओढून शाकारली की दोन महिने माणूस घरात. गेला पावसाळा मोबाईलवर बीजीएमआय खेळून काढला, अंगठे सुजले अक्षरशः. आता बाबांकडून कसेबसे ६० हजार कबूल करून घेतलेत (त्यांना सांगितलंय की बोटीचा हिशोब पण त्याच्यावर करीन, त्यामुळे कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखं नुसतं गेमचं यंत्र, आणला तर काय थाप मारायची तेही सुचवा).

खरा घोळ मित्रांचा आहे. शाळेतले आम्ही पाच जण. दोघं पुण्याला नोकरीला, दोघांकडे पीसी. एक दापोलीत, त्याच्याकडे पीएस५. एक इथेच शेजारी पाजपंढरीला, त्याच्याकडे जुना पीएस४, त्याची पण बोट आहे. पुणेवाले म्हणतात पीसीच घे, दापोलीवाला म्हणतो वेडा आहेस काय, कन्सोल घे. दोन्हीकडून रोज फोन, एवढं स्थळं घेऊन पण कोणी मागे लागत नाही. मला एकट्याला खेळायला मजा येत नाही, गँग पाहिजे. तर मित्र जास्त कुठे आहेत ते बघून घ्यायचं की कसं? आणि हो, हॉलमधला टीव्ही संध्याकाळी ७ ते १० आईचा. त्यात वाद नाही.

नुसता_कंट्रोलर
एवढा विचार काय करतोस, आजकाल सगळं क्रॉसप्ले असतं, म्हणजे कुठल्याही मशीनवरचे एकत्र. काय पण घे, सगळ्यांशी खेळता येतं.

आडिवऱ्याची_ताई
वरच्या दादांना नमस्कार पण हे असलं ऐकूनच लोकं फसतात. सगळं क्रॉसप्ले नसतं. काही गेममध्ये आहे, काहींत नाही, आणि काहींत अर्धवट आहे जे सगळ्यात वाईट, कारण ते पैसे भरल्यावर कळतं.

गोलकीपर, आधी हे सांग की पुणेवाले खेळतात काय? कारण व्हॅलोरंट असेल तर ऐक, व्हॅलोरंट २०२४ मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्सवर आलं खरं, पण कन्सोलवाले कन्सोलवाल्यांशीच खेळतात, पीसीवाल्यांच्या मॅचमध्ये त्यांना घेतच नाहीत. माउसने नेम धरणारा आणि कंट्रोलरच्या काडीने नेम धरणारा एकत्र आणले तर काडीवाल्याचा निकाल लागेल म्हणून तसं ठेवलंय, आणि ते बरोबरच आहे. काउंटर स्ट्राइक २ तर कन्सोलवर नाहीच. जीटीए ऑनलाईनमध्ये पीसीवाला पीसीवाल्यात, पीएस५वाला पीएस५वाल्यात, एवढंच काय पीएस४ आणि पीएस५वाले पण एकमेकांना भेटत नाहीत. माइनक्राफ्टची अजून वेगळी तऱ्हा, बेडरॉक असेल तर मोबाईलपासून प्लेस्टेशनपर्यंत सगळे एका जगात येतात पण जावा एडिशन फक्त कॉम्प्युटरवाल्यांची.

बिनधास्त चालणारे म्हणजे फोर्टनाईट, रॉकेट लीग, वॉरझोन, हेलडायव्हर्स २. रॉकेट लीग तर २०२० पासून फुकट आहे. आमच्या घरी मी लॅपटॉपवर आणि भाऊ ठाण्याला पीएस५वर, दर रविवारी एका टीममध्ये. बोलायला डिस्कॉर्ड ॲप, कारण प्लेस्टेशनची स्वतःची पार्टी (ग्रुप कॉल) पीसीवाल्याला ऐकू येत नाही. डिस्कॉर्ड पीएस५ला लिंक होतं, काळजी नको.

फुटबॉल एफसी (आपलं जुनं फिफा) मध्ये पीएस५, नवीन एक्सबॉक्स आणि पीसी एका पंगतीत. पीएस४वाला दुसऱ्या पंगतीत. तुझा पाजपंढरीचा मित्र इथे एकटा पडतोय बघ.

लाईट_गेली
गुहागरवरून लिहितोय. तुम्ही गेमची चर्चा करा, मी एकच विचारतो, यूपीएस (लाईट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालवणारा बॅटरीचा डबा) धरलाय का बजेटमध्ये? कारण तू खेळणार कधी तर जून-जुलैमध्ये आणि आपल्याकडे लाईट जाणार कधी तर जून-जुलैमध्येच. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा तुमच्या दापोली मंडणगडात किती गावं किती आठवडे अंधारात होती ते तुला मी सांगायला नको, पण वादळ सोडून दे, साधा वारा सुटला तरी माडाची झावळी तारेवर पडते आणि बसा मेणबत्ती लावून. लाईट जाण्याचं एवढं नाही, ती परत येते ना तेव्हा जो झटका मारते तो वाईट. माझा एक मदरबोर्ड आणि शेजारच्यांचा फ्रीज एकाच संध्याकाळी गेला.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक खटका असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. बहुतेकांच्या घरी तो नॉर्मलवर असतो कारण पंखा-दिव्याला फरक पडत नाही. पण नॉर्मलवर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो. खटका यूपीएसवर कर, फुकटचं काम आहे. इन्व्हर्टर नसेल तर साधा ६०० व्हीएचा यूपीएस पीएस५ आणि छोट्या मॉनिटरला गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता पुरतो. चांगल्या ग्राफिक कार्डवाल्या पीसीला तोच यूपीएस कुंथत चालतो नाहीतर चालतच नाही, मोठा घ्यावा लागतो. आणि राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा बॅकअप घे, नाहीतर मशीन चालू आणि नेट बंद.

दुसरं, खारी हवा. तू बंदराजवळ राहत असशील तर पीसीचे स्क्रू वर्षात गंजतात, रॅम काढून खोडरबरने पुसायची वेळ आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर येते. कन्सोलला उघडायला कमी आहे, पण तो काचेच्या शोकेसमध्ये कोंडून ठेवू नकोस, आणि बंदी उठल्यावर तीन-तीन महिने बंद पण ठेवू नकोस, मशीन चालू राहिलं की आतून सुकं राहतं.

मालवणी_मावरा
गोलकीपरा, माझी गजाल आयक आणि मगे पैशे खर्च कर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी चार मित्रांच्या नादाने पीसी बांधला, सत्तर हजार घातले. सहा महिने काय मजा केली सांगू नको, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, आये चुलीकडचा लाकूड घेऊन उठायची. मगे? एक मर्चंट नेव्हीत गेला, तो सहा-सहा महिने बोटीवर. एकाचं लग्न झालं. एक गोव्याला हॉटेलात लागला, त्याची ड्युटी संपते तेव्हा मी झोपलेला. चौथ्याने पीसी विकून स्कूटर घेतली. आता माझ्या पीसीवर पोरगी चित्रं रंगवते.

माझं म्हणणं एवढंच की मित्र कुठल्या मशीनवर आहे ते विचारू नकोस, मित्र किती वाजता मोकळा असतो ते विचार. तुझे पुणेवाले दिवसभर ऑफिस करून रात्री ११ ला बसणार आणि तू ऑगस्टपासून पहाटे बंदरावर. जमतलां काय?

हर्णैचा_गोलकीपर
बापरे, एवढे रिप्लाय! सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही म्हणता तसंच निघालं, पुणेवाले नव्वद टक्के व्हॅलोरंट खेळतात, कधीतरी काउंटर स्ट्राइक. मी म्हटलं रॉकेट लीग खेळाल का माझ्याबरोबर तर एक म्हणाला खेळू की, दुसरा म्हणाला गाड्यांनी फुटबॉल खेळायला मी काय लहान आहे काय. दापोलीवाला आणि पाजपंढरीवाला दोघं एफसीवाले.

मावरादादा तुमचं लागलं हो मनाला. लाईट_गेली दादा, आमच्या इन्व्हर्टरचा खटका खरंच नॉर्मलवर होता, दहा वर्षं, कोणी बघितलंच नव्हतं.

पण ६० मध्ये पीसी बसतो का तेवढं तरी सांगा, म्हणजे पुणेवाल्यांना तोंड दाखवता येईल.

पोफळीखालचा_पिंग
पीसी जोडायचाच धंदा आहे म्हणून सांगतो, ६० मध्ये बसतो पण त्या ६० मध्ये मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि यूपीएस धरलास तर पीसीच्या मुख्य डब्यासाठी ४० च्या आसपास उरतात आणि २०२५ च्या शेवटाला एआयवाल्यांच्या डेटा सेंटरपायी रॅमचे भाव जे भडकले त्यानंतर त्या ४० मध्ये मी तुला मनापासून काही दाखवू शकत नाही. व्हॅलोरंट चालेल, ते हलकं आहे. नवीन मोठे गेम धापा टाकतील.

सेकंडहँडच्या मागे लागलास तर एक लक्षात ठेव, व्हॅलोरंटचं जे व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) आहे ते विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं, म्हणजे सुरक्षेच्या अशा सोयी ज्या जुन्या पीसीत बऱ्याचदा नसतात. मागच्या महिन्यात एक पोरगा मुंबईहून जुना ऑफिसचा पीसी स्वस्तात घेऊन आला, सगळं चालतंय, व्हॅलोरंट तेवढं उघडत नाही, आणि ज्याच्यासाठी घेतला ते तेच.

पीसीच्या बाजूने पण बोलतो, नाहीतर धंदा बुडेल माझा. ऑनलाईन खेळायला महिन्याचे पैसे नाहीत. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) सेल लागतो तेव्हा गेम मिसळपावच्या भावात मिळतात. तुझ्या बाबांचा हिशोब पण खरोखर होईल. कन्सोलवर फुकटच्या गेमना पैसे लागत नाहीत, पण एफसीसारखा विकत घेतलेला गेम ऑनलाईन खेळायचा तर पीएस प्लस (प्लेस्टेशनची वर्गणी) घ्यावं लागतं, ते दर वर्षी बजेटमध्ये धर. सगळ्यात खालचा इसेन्शियल प्लॅन पुरे, वरच्या दोन प्लॅनच्या नादाला लागू नकोस.

आणि डाउनलोड! तुझ्या नेटचा स्पीड बघून घे. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाईनवर साडेपाच तास घेतो, ते पण लाईन मध्ये तुटली नाही तर.

आडिवऱ्याची_ताई
पिंगदादांनी डाउनलोडचं काढलं म्हणून आठवलं, कन्सोल घेतलास तर डिस्कवाला घे, थोडे पैसे वाचतात म्हणून बिनडिस्कचा डिजिटल घेऊ नकोस. आपल्याकडे डिस्कचा फायदा शहरापेक्षा जास्त. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा डिस्क घेऊन येतात, जाताना दुसरी घेऊन जातात, आमच्या वाडीत तीन घरांत मिळून अकरा डिस्क फिरतायत आणि कुठली कोणाची ते आता कोणालाच सांगता येत नाही. तुतारी एक्सप्रेसने आलेली डिस्क डाउनलोडपेक्षा लवकर पोचते.

आता पाजपंढरीवाल्याचं. मी वर म्हटलं तो एकटा पडतो, ते अर्धंच सांगितलं मी. एफसीची पीएस४ची आवृत्ती पीएस५वर चालते. म्हणजे तू आणि दापोलीवाला दोघांनी ती पीएस४वाली टाकलीत तर तिघं एकत्र खेळू शकता, गवत जरा कमी हिरवं दिसेल एवढंच. आणि तो शेजारीच राहतो तर ऑनलाईन कशाला, घरीच बोलाव. पीएस४चा कंट्रोलर पीएस५वर पीएस४च्या गेमना चालतो (पीएस५च्या गेमना नाही), त्यामुळे त्याने स्वतःचा कंट्रोलर खिशात घालून यायचं, तुला दुसरा विकत घ्यायला नको. एका टीव्हीवर दोघं खेळलात तर प्लस पण लागत नाही, नेट पण नाही.

टीव्हीचं काय ते बघ मात्र. साधा मॉनिटर पण चालतो, एचडीएमआय लागतं फक्त. आवाज येत नसेल तर हेडफोन कंट्रोलरलाच लागतो.

नुसता_कंट्रोलर
मी चुकलो ताई, मान्य. पण काय पण घे हे मी अजून म्हणतो, जीटीए ६ आधी पीएस५ आणि एक्सबॉक्सवरच जाहीर झालाय, पीसीचं नाव पण काढलं नाही त्यांनी. म्हणजे काय पण म्हणजे कन्सोल.

मालवणी_मावरा
ह्येका म्हणतत पलटी.

हर्णैचा_गोलकीपर
चार दिवसांनी येतोय, अपडेट द्यायचा होता. मावरादादांनी सांगितलं तसं ग्रुपवर विचारलं, जून-जुलैमध्ये कोण कधी मोकळा. पुणेवाला नंबर एक, शनिवारी रात्री. पुणेवाला नंबर दोन, "बघू रे", म्हणजे नाहीच. दापोलीवाला, दुकान ८ ला बंद केल्यावर रोज. पाजपंढरीवाल्याने नुसता हसणारा चेहरा पाठवला, त्याची पण बोट वर ओढलेलीच असणार, तो आणि मी दिवसभर मोकळे. खरं सांगू, गेल्या वर्षी पण सगळ्यात जास्त मी त्याच्याबरोबरच बसलो होतो, फक्त मोबाईल वेगवेगळे होते.

तर काल दापोलीवाल्याला घेऊन जाऊन डिस्कवाला पीएस५ बुक केला. मॉनिटर पाजपंढरीवाल्याच्या ताईचा आहे, कॉलेज संपल्यापासून पडून होता, तो आणला. राउटरचा बॅकअप ऑर्डर केलाय. एफसीची पीएस४ची डिस्क दापोलीवाला देतोय. शनिवारी रात्री रॉकेट लीग, पुणेवाल्या नंबर एकबरोबर, डिस्कॉर्ड उघडून ठेवलंय.

बाबांना खरं सांगितलं शेवटी. ते म्हणाले हिशोब वहीतच बरा आहे, पण त्या यंत्रात क्रिकेट आहे का?

लाईट_गेली
क्रिकेट आहे. अर्थिंग तपासून घे.