ताईच्या बाजूने बोलायला गेले आणि घोळ करून बसले

धाकटी_मावशी
ताईचा मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. तोंडाने चार-पाच शब्द, बाकी सगळं टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून. शाळेत टॅब दप्तरातच ठेवायला लावतात. का, तर "हातात दिला की बोलायचा कंटाळा करेल." गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी भेटायला बोलावलं होतं. भावजींना सुट्टी मिळेना, म्हणून ताई म्हणाली, तू चल.

मी घरून निघतानाच तापलेली. ताईने एका कागदावर तीन मुद्दे लिहून आणले होते, कागदाची घडी घालून हातात धरलेली. मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. मॅडमचाही आवाज चढला आणि वेळ संपली. कागदाची घडी उघडलीच गेली नाही. घरी येईपर्यंत ताई गप्प. दारात एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी त्याला त्याच माणसांच्या हाती सोडायचंय मला. तुला नाही."

माफी मागितली, "असू दे" म्हणाली. आता ती पुन्हा वेळ मागणार आहे. मी जावं की नको? आणि एरवी "काही लागलं तर सांग" म्हणते, तर ती कधीच काही सांगत नाही.

वहीवाली_आई
जा. पण वही घेऊन जा, मुद्दे घेऊन नको. माझा मुलगा सोळा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. माझी नणंद माझ्याबरोबर यायची आणि फक्त लिहायची: कोण काय म्हणालं, कधीपर्यंत करणार म्हणालं. आईला एकाच वेळी ऐकणं, रडू आवरणं आणि लक्षात ठेवणं जमत नाही हो. त्याच संध्याकाळी आम्ही शाळेला चार ओळी पाठवायचो: आज असं असं ठरलं, आमच्या ऐकण्यात चूक असेल तर कळवा. वर्गशिक्षिका दरवर्षी बदलते, तोंडी कबूल केलेलं तिच्याबरोबर जातं. या चार ओळी मागे राहतात.

खूणही ठरवून ठेवा. नणंदेने पेन खाली ठेवलं की मी थांबायचे, कारण माझाही तोल जायचा.

भांडूच नये असं नाही. एड रॉबर्ट्स हा अमेरिकन मुलगा 1953 साली, चौदाव्या वर्षी पोलिओने गळ्याखाली जवळजवळ पूर्ण लुळा पडला. शाळा त्याला पासचा दाखला देईना, कारण व्यायामाचा आणि गाडी चालवण्याचा तास झाला नव्हता! त्याची आई झोना वरपर्यंत गेली आणि दाखला घेऊनच आली. पुढे 1962 मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. मला यातलं आवडतं ते हे, की तिने मागितलं एकच, हो किंवा नाही म्हणता येईल असं. तुमच्या ताईच्या कागदावर बहुतेक तसंच काहीतरी असणार.

आणि "काही लागलं तर सांग" बंद करा. काय लागतं ते शोधायचं कामही मग तिच्याच गळ्यात. "गुरुवारी चार ते सहा मी त्याच्याजवळ आहे, तू झोप" असं म्हणा. सुरुवातीला ती झोपणार नाही, दाराशी घुटमळेल. तरी पुढच्या गुरुवारी जा.

खडू_फळा
मी स्पेशल एज्युकेटर आहे. टॅबपुरतं बोलते. चित्रं किंवा टॅब दिल्याने मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचं थोडं वाढलेलंच दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच अशी पर्यायी साधनं धरली आहेत. पण हे कलम मॅडमच्या तोंडावर फेकू नका. त्यांना विचारा, टॅब बाकावर राहिला तर वर्गात नेमकी अडचण काय होते? खूपदा उत्तर साधं निघतं: बाकीची मुलं ओढतात, पडून फुटला तर भरपाई कोण देणार. त्यावर तोडगा निघतो.

मधला
ताईला दुसरं मूल आहे का? माझ्या बहिणीला डाऊन सिंड्रोम आहे. माझ्या लहानपणी घरी येणारा प्रत्येक जण आधी तिची चौकशी करायचा. आत्या मात्र मला एकट्याला पोहायला न्यायची आणि तिथे तिचा विषयही काढायची नाही. आईला त्याची केवढी मदत व्हायची, ते मला फार उशिरा कळलं.

धाकटी_मावशी
दुसरी मुलगी आहे, दहा वर्षांची. खरं सांगते, मधला, तुमचं वाचून पोटात कालवलं.

काल गुरुवार होता, गेले. ताई झोपली नाही, पण स्वयंपाकघरात दार लोटून बसली. कागद मला दाखवला. पहिला मुद्दा: टॅब बाकावर. दुसरा: घंटा व्हायच्या आधी त्याला कोणीतरी खूण करावी, तो कान दाबून खाली बसतो. तिसरा तिने स्वतःच खोडला. पुढच्या वेळी मी वही धरणार, हे ठरलं.

त्याच्या टॅबवर मी नव्हतेच. ताईने माझा फोटो त्यात टाकला. त्याने तो लागोपाठ तीनदा दाबला, मशीन "मावशी, मावशी, मावशी" म्हणालं. मी नुसती फुलून गेले. मग त्याने शांतपणे चौथं बटण दाबलं: "जा."